अर्ध्या मोटारीचा भाव

मोरूशेठची मोटार पुसायचे लडकूनं किती घ्यावेत, हा प्रश्न सन त्रेचाळीसच्या माघात किन्हवलीच्या आसपासच्या दोन-तीन पाड्यांना पडला होता. तसा तो प्रश्न एकट्या लडकूचा. पण या बाजूला एकट्याचा प्रश्न एकट्याकडे फार वेळ राहत नाही. दुपारी विहिरीवर जातो आणि संध्याकाळपर्यंत गावाचा होतो.

लडकू हा देवजीचा मुलगा. वय तिशीच्या आतबाहेर, अंगानं काटकुळा, तोंडानं गरीब आणि मनानं भलता चिवट. लहानपणी ज्यानं त्याची गोटी लाटली होती, त्याच्या घरी तो अजून पाणी पीत नव्हता. मुंबईत ग्रँट रोडच्या एका मोटारींच्या शेडात त्यानं उमेदीची वर्षं काढली होती. बड्या लोकांच्या मोटारी तिथं यायच्या. लडकू त्या धुवायचा, मेण लावायचा, फलाणीच्या मऊ कापडानं घासायचा आणि शेवटी मऊ कातडं फिरवायचा. मग लढाई जवळ आली, बॉम्ब पडणार अशी हूल उठली, मुंबईची माणसं गाठोडी बांधून पळाली आणि शेडाला कुलूप लागलं. मालकानं राहिलेल्या पगाराऐवजी मेणाचे दोन डबे, ते कातडं आणि फलाणीचे तुकडे हातावर ठेवले. ते घेऊन लडकू आसनगावला उतरला आणि चालत घरी आला. गावात त्या डब्यांचा उपयोग काय, हे कुणाला कळेना. राहीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, एकदा ते मेण चुलीजवळच्या फळीला लावून पाहिलं. फळी चकाकली, पण मुंग्या यायच्या थांबल्या नाहीत.

आता एवढ्या मोटारी घासल्या तरी एकाही मोटारीचा भाव लडकूनं कधी ठरवला नव्हता. ते मालकाचं काम. गिऱ्हाईक 'किती?' म्हणून मालकाकडं बघायचं, तेव्हा लडकू टायरकडं बघायचा. सवयच होती.

मोरूशेठ म्हणजे मोरेश्वरशेठ. जंगलाचे ठेके त्याचे, किन्हवलीच्या रस्त्यावरची लाकडाची वखार त्याची, कोळशाच्या भट्ट्याही त्याच्याच. लढाईत कोळसा महागला तसा शेठ फुगला आणि कल्याणहून एक जुनी फोर्ड घेऊन आला. पेट्रोल कुपनावर, म्हणून तिच्या पाठीला कोळशाच्या गॅसची टाकी ठोकून घेतली. घरचाच कोळसा, घरचीच मोटार. ती चालायची खरी, पण चुलीला चाकं लावल्यासारखी चालायची. वर्षभरात काजळीचा असा थर बसला की मोटार निळी आहे असं शेठ सांगायचा आणि ऐकणारे नुसती मान डोलवायचे.

त्या शेठकडं जायचं म्हणजे वेठीला जायचं. निरोप आला की माणूस उठायचा. ओंडके ओढा, घर शाकारा, पाहुण्यांचं सामान डोक्यावर घ्या. संध्याकाळी पसाभर मीठ मिळायचं, नशीब असलं तर दोन विड्या. शेठ हात राखून असायचा असं मात्र कुणी म्हणू नये. बक्षीस देण्यात त्याचा हात धरणारा दुसरा माणूस शहापूर-मुरबाडच्या मध्ये नव्हता. ढोलकी चांगली वाजली की पाच रुपये फेकील, कुस्तीत गडी पडला तर पडलेल्यालाही देईल. देतानाचं त्याचं हसू मोठं बघण्यासारखं असे.

लडकूनं त्याचं दुसरं हसूही पाहिलेलं होतं.

लडकूच्या लहानपणी शेठकडं मोटार नव्हती, दमणी होती. छपराची, गाद्या घातलेली, ऐटबाज बैलगाडी. ती धुवायची, चाकांना वंगण घालायची, पितळेची फुलं घासायची वेठ देवजीकडं. एका दिवाळीला दमणी धुऊन झाल्यावर देवजीला काय बुद्धी झाली कोण जाणे, त्यानं विचारलं, आजची कायतरी मजुरी मिळंल का. शेठ तेव्हा तरुण होता आणि मजेत होता. त्यानं अंगणातली सगळी माणसं जवळ बोलावली. देवजीला मजुरी पाहिजे म्हणतोय, ऐका. अरे, मजुरी तर बैलालासुद्धा नसते. असं म्हणून त्यानं बैल सोडायला लावले आणि दमणीचं जू देवजीच्या खांद्यावर ठेवलं. दिवेलागणीपर्यंत उभा राहा, मग बघू. लाकूड न्यायला येणारे-जाणारे बघत होते आणि शेठ हसतो म्हणून हसत होते. लहानगा लडकू बापासाठी भाकर घेऊन आला होता. ती हातात धरून तो ओट्याच्या खाली बसून राहिला आणि तशीच परत घेऊन गेला. देवजी त्या दिवसाबद्दल पुन्हा कधी बोलला नाही, आणि पुन्हा कुणाकडं काही मागितलंही नाही. मेला तोही असाच, न मागता.

तर अशा शेठचा ड्रायव्हर वाल्मिक एके दिवशी लडकूच्या दारात उभा राहिला. शेठच्या मुलीचं मुरबाडला जमलं होतं. परवा संध्याकाळचा साखरपुडा. मोटारीतून जायचं, म्हणून ती चकचकीत पाहिजे. मुंबईहून आलेला एक मोटार घासणारा आहे हे शेठच्या कानावर गेलं होतं.

"उद्या सकाळी ये," वाल्मिक म्हणाला.

"देणार काय?"

वाल्मिकला वाटलं लडकू थट्टा करतोय. तो हसला. लडकू हसला नाही, तसा वाल्मिक जरा चपापला. म्हणाला, "मला काय विचारतो? मला तरी कुटं सांगून ठेवलाय पगार."

तो गेल्यावर राही म्हणाली, "जानार?"

"जानार."

"मंग देणार काय म्हून कशाला विचारलास?"

"या वक्ताला भाव मी सांगनार," लडकू म्हणाला. "त्याच्या बापानंपन ऐकला नसंल असा."

राहीनं त्याच्याकडं नीट पाहिलं. नवरा एवढा लांब बोलला की तिला काळजी वाटायची.

ही गोष्ट विहिरीवर गेली आणि माणसं यायला लागली. पहिली आली सकुबाई, शेजारची म्हातारी, जिचा आवाज तिच्या आधी अंगणात पोचत असे. तिचं म्हणणं सरळ होतं. लडकू शेठकडून पैसे घेणारच असेल, तर तिच्या चार कोंबड्या शेठच्या पाहुण्यांच्या ताटात गेल्या होत्या त्याचेही त्यातच लावून घ्यावेत. शिवाय एक कोंबडा होता, तो तिला कोंबडाच परत पाहिजे. त्याच्यासारखा आरवणारा पुन्हा झाला नाही. मग गोमा आला. त्यानं आणि त्याच्या भावानं शेठच्या म्हाताऱ्या आईला डोलीत घालून शहापूरच्या डॉक्टरकडं नेलं होतं आणि उपाशी परत आणलं होतं. म्हातारी जड होती, हे त्यानं दोनदा सांगितलं. शेवटी ठाकूरवाडीवरचा जैतू आला. शेठच्या माणसांनी त्याची कुऱ्हाड काढून घेतली होती आणि वर पावसाळाभर त्यालाच भट्टीवर राखण बसवला होता. जैतू बोलायला कमी. त्यानं कुऱ्हाडीचे दीड रुपये सांगितले आणि पावसाळ्याचं म्हणाला, "त्ये तू ठरव. तू मुंबय पायलेली."

लडकू काही कुणाला नाही म्हणाला नाही. उलट प्रत्येकाचं ऐकताना त्याला आतून गुदगुल्या होत होत्या. मोटार पुसण्याचा भाव असा वाढत गेला, जत्रेतल्या पाळण्याला एकेक पोर लटकावं तसा. राही मनातल्या मनात बेरीज करत होती. रात्रीची भाकर टाकता टाकता तिनं आकडा सांगितला: पस्तीस रुपये आणि वर एक कोंबडा.

पस्तीस रुपये म्हणजे त्या वेळी अंगणात चार-पाच शेळ्या आल्या असत्या. एवढे पैसे एका मोटारीचे ग्रँट रोडच्या मालकानंही कधी तोंडानं उच्चारले नसतील. पण ते वसूल कसे करायचे, याची तोड लडकूकडं होती. शेडात त्यानं एक गोष्ट पाहून ठेवलेली होती. मोटार सगळीच मळकी असली की माणसाच्या डोळ्याला सवय होते, तो तिला सोडून देतो. पण एक बाजू आरशासारखी करा आणि दुसरी तशीच ठेवा. मळक्या बाजूकडं बघवत नाही. आधी अर्धी करायची. शेठ निघायच्या तयारीत असताना भाव सांगायचा. रीतीप्रमाणे बोलवायला आलेली मुरबाडची माणसं दारात असणार. पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर शेठ हात उगारणार नाही, आणि अर्ध्या काळ्या मोटारीतून व्याह्यांच्या दारात उतरणारही नाही.

दुसऱ्या दिवशी लडकू वखारीवर गेला. रिठ्याच्या कोमट पाण्यानं त्यानं मोटारीची डावी बाजू धुवायला घेतली. पहिल्यांदा पाणी काळं निघालं, मग तपकिरी, मग जरा बरं. ओंडके रचणारी वेठीची माणसं काम थांबवून बघायला लागली, कारण काजळीतून खरंच निळा रंग वर येत होता. त्यांच्यातल्या एकानं हळूच दुसऱ्याला सांगितलं की शेठ खोटं बोलत नव्हता. मेण लागलं, फलाण फिरली, आणि दुपार टळेपर्यंत मोटारीच्या डाव्या दारात समोरचा आंबा पानांसकट दिसायला लागला.

शेठ ओट्यावरून खाली आला. दाराजवळ वाकून त्यानं स्वतःच्या मिशा बघितल्या, एक केस नीट केला.

"देवजीचा ना रे तू?"

"व्हय."

"बाप तुझा हौशी माणूस. मजुरी मागायचा." शेठला जुनी गंमत आठवली आणि तो हसला. जवळ उभी असलेली माणसंही थोडी थोडी हसली, ज्याची त्याची जशी गरज होती तशी.

लडकू दार घासत राहिला. ते दार झालेलं होतं, तरीही घासत राहिला.

त्याच दुपारी मुरबाडहून न्हावी निरोप घेऊन आला की व्याह्यांकडची दोन मोठी माणसं उद्या सकाळी बोलवायला येतील आणि मोटारीतूनच बरोबर परत जातील. शेठनं खिशात हात घातला आणि पाच रुपये त्याच्याकडं उडवले. न्हावी कमरेत असा वाकला की टोपी पडली. थोड्या वेळानं सोनार सोन्याचे डाग घेऊन आला, त्याच्या पोऱ्याच्या अंगावर दोन उडाले. वाजंत्र्यांना इसार द्यायचा होता, त्यांना इसार आणि वर बक्षीस. प्रत्येकजण वाकत होता आणि शेठचं ते मोठं हसू प्रत्येक वाकण्याबरोबर आणखी मोठं होत होतं. मग त्याचं लक्ष लडकूकडं गेलं.

"तुलाही देईन रे उद्या. असं देईन की बापजन्मात पाहिलं नसशील."

लडकूचा हात थांबला. संध्याकाळी पाय ओढत घरी येईपर्यंत तो त्याच एका वाक्याशी भांडत होता. राहीनं ताट वाढलं तेव्हा त्यानं विचारलं, "मी पस्तीस मागितलं तर त्यो काय करंल?"

"देईल. पाव्हण्यांच्या म्होरं नाय कसा देणार?"

"हासत देईल," लडकू म्हणाला. "माझ्याकडं उडवंल. आन मुरबाडला जाऊन सांगंल, आमच्याकडं मोटार पुसणाऱ्याला पस्तीस देतो आमी."

ते खरंच होतं, हे राहीलाही पटलं. पस्तीस रुपये शेठला कुठंच दुखणार नव्हते. साखरपुड्यात ते शोभूनच दिसले असते.

"मंग किती मागशील?"

लडकूनं भाताचा घास केला आणि तो बराच वेळ हातात धरून ठेवला. भाव त्याला सापडला होता. पण सांगितला असता तर राहीनं त्याला सकाळी घराबाहेर पडू दिलं नसतं.

सकाळी तो वखारीवर पोचला आणि उजव्या बाजूला हातही न लावता मोटारीच्या पुढ्यात उकिडवा बसला. मुरबाडची माणसं आली. नवऱ्या मुलाचे मामा आणि एक म्हातारे काका. ओट्यावर बैठक, पानसुपारी, चहा झाला. शेठ कोट-टोपी चढवून, उपरणं टाकून मोटार दाखवायला त्यांना घेऊन आला. डाव्या बाजूनं आले तोवर सगळं ठीक होतं. काकांनी दारात स्वतःचा चेहरा पाहून खूश झाल्यासारखी मान हलवली. मग ते पुढून वळून उजवीकडं गेले आणि थांबले.

शेठनं खालच्या आवाजात विचारलं, "हे काय रे?"

"अर्धी झाली," लडकू उभा राहत म्हणाला.

"आणि अर्धी?"

"भाव ठरला का व्हईल."

ओंडक्यांजवळची माणसं हलायची थांबली. कुंपणाच्या बाहेर सकुबाई, गोमा आणि जैतू येऊन उभे राहिलेलेच होते. सकुबाईनं तर कोंबडा न्यायला टोपलीही आणली होती.

शेठचा हात वर जायला निघाला होता, पण त्यानं तो मध्येच खिशाकडं वळवला. दहाची नोट काढून मोटारीच्या नाकावर टाकली आणि मोठ्यानं म्हणाला, "घे. बक्षीस. आता हात चालव."

लडकूनं नोट दोन बोटांनी उचलली, चकचकीत रंगावर ओरखडा पडू नये इतक्या जपून, आणि वाल्मिकच्या हातात दिली.

"बक्षीस नको शेठ. मजुरी द्या."

"बरं बाबा, मजुरी. किती?"

कुंपणापलीकडं सकुबाईनं श्वास रोखला.

"दीड रुपया," लडकू म्हणाला. "कालचा दिस आन आजचा दिस. आसनगाव ठेसनाला मालगाडीच्या वाघिणीत कोळसा भरतात त्यांना दिसाला बारा आणे हायत. तुमचाच कोळसा. मीपन तेवढंच मागतो, जास्ती नाय."

सकुबाईनं टोपली खाली ठेवली आणि कपाळाला हात लावला. गोमानं एक शिवी अर्धीच बाहेर सोडली. मुरबाडचे मामाही बुचकळ्यात पडले, एवढ्याशा पैशासाठी हा माणूस मोटार अडवून बसला होता म्हणून.

एकटा शेठ बुचकळ्यात पडला नाही. तो धंद्याचा माणूस. त्यानं मान वळवून ओंडक्यांकडं पाहिलं. तिथं वीस-पंचवीस जण उभे होते आणि सगळे कान देऊन ऐकत होते. यातल्या प्रत्येकाला दिसाला बारा आणे. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. जोवर जंगल तोवर. शेठच्या कपाळावर माघातल्या सकाळी घाम आला, आणि तो पाहून लडकूला आपला भाव बरोबर बसल्याची खात्री पटली.

"दीड काय मागतोस? वीस घे," शेठ म्हणाला. "बक्षीस म्हणून घे. घरचं कार्य आहे."

"दीड, शेठ."

"पंचवीस. आमच्या जुन्या माणसाचा मुलगा आहे," हे शेठनं मामांना सांगितलं.

"अहो, पण तो दीड मागतोय," मामा म्हणाले.

"गरिबाला कमी देऊन कसं चालेल? तीस घे रे."

"दीड. मजुरी."

भाव स्वतःच चढवत नेणारं गिऱ्हाईक लडकूनं ग्रँट रोडलाही पाहिलं नव्हतं. त्याला घाई नव्हती. शेठचा एकेक आकडा तो जिभेवर गूळ ठेवावा तसा विरघळू देत होता. वाल्मिकच्या हातात लडकूनं न घेतलेल्या नोटांची चवड जमत चालली होती आणि आपण त्या कुणाच्या म्हणून धरल्यात, हे बिचाऱ्याला कळत नव्हतं.

"पस्तीस," शेठ म्हणाला. आवाज चिरकला होता.

"घे रं मेल्या," कुंपणामागून सकुबाई ओरडली.

लडकूनं तिकडं पाहिलं. हा आकडा शेठच्या तोंडून आला तेव्हा तो क्षणभर डळमळला, हे खरं आहे. चार शेळ्या त्याच्या डोळ्यांसमोरून चालत गेल्या. मग त्याची नजर शेठच्या मिशांकडं गेली आणि शेळ्या दिसेनाशा झाल्या.

"दीड," तो म्हणाला.

काका सावलीत जाऊन बसले. मामा मात्र वैतागले होते. त्यांनी आपल्याच कोटाच्या खिशात हात घातला. "शेठ, मुहूर्त टळेल. दीड रुपयासाठी कसला घोळ घालता? मी देतो त्याला, चला."

व्याह्यांनी आपल्या दारात आपल्या गड्याचे पैसे चुकवावेत, याहून वाईट शेठला काही सुचलं नसतं. त्यानं मामांचा हात धरला, कोटात चाचपलं. खिशात सगळ्या नोटाच होत्या. घरातून सुटे मागवावे लागले. शेवटी एक रुपया आणि एक अधेली लडकूच्या तळहातावर पडली.

लडकूनं हात मिटला नाही. "काय म्हनून देता, शेठ?"

शेठ ओठातल्या ओठात काहीतरी म्हणाला.

"मागच्या मानसांना ऐकू नाय गेलं."

हे जरा जास्त झालं, असं नंतर गोमाचंही मत पडलं. पण तेव्हा कुणी हरकत घेतली नाही.

"मजुरी," शेठ म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

मग लडकूनं पैसे कनवटीला लावले आणि उजवी बाजू केली. ती त्यानं डाव्या बाजूपेक्षा चांगली केली. शेठ मोटारीत चढायला आला तेव्हा त्याला दारात स्वतःचं तोंड दिसलं, आणि या वेळी त्यानं मिशीचा केस नीट केला नाही.

घरी मात्र लडकूची मिरवणूक निघाली नाही. सकुबाई रिकामी टोपली डोक्यावर घेऊन गावभर सांगत फिरली की देवजीच्या पोरानं हातात आलेले पस्तीस रुपये लाथाडले, तिच्या कोंबड्या दुसऱ्यांदा मेल्या. गोमा म्हणाला, तो मुंबईला असताना मोटारीचा धूर डोक्यात गेला असणार. राहीऐवजी त्या संध्याकाळी भांडीच फार बोलली. एकटा जैतू वखारीच्या कुंपणाजवळ बराच वेळ उभा होता. नखानं दात कोरत, ओंडक्यांच्या ढिगाकडं बघत.

सोमवारी ठाकूरवाडीवर निरोप गेला, ओंडके गाड्यांत भरायचेत, माणसं पाठवा. माणसं आली. ओंडक्यांजवळ उभी राहिली आणि कुणी वाकेना. शेठ ओट्यावरून ओरडला तेव्हा जैतू पुढं झाला.

"मोटार पुसली त्याला बारा आणे," तो म्हणाला. "आमाला किती?"

मोटारीची गोष्ट वेगळी, असं शेठनं त्याला सांगितलं. मग दटावलं. मग जंगलात पाय ठेवू देणार नाही म्हणाला. आणि शेवटी खिशात हात घालून एक नोट काढली. जैतू नोटेकडं बघायलाही तयार नव्हता. तो पुन्हा तेवढंच म्हणाला, आमाला किती.

वखारीसमोर रस्त्याखालून पाणी जायची मोरी होती, तिच्या कठड्यावर लडकू सकाळपासून येऊन बसला होता. त्याला तिथं काही काम नव्हतं. ऊन वर आलं, गाडीवानांनी बैल सोडले, शेठ दोनदा आत जाऊन बाहेर आला, आणि ओंडके होते तिथंच पडून राहिले. लडकूनं एवढी सुंदर लाकडं आयुष्यात पाहिली नव्हती. दिवस मावळला तेव्हा तो घरी आला. दिवसभर कुठं होतास, असं राहीनं विचारलं.

"लाकडं बघत व्हतो," तो म्हणाला आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

त्या आठवड्यात तो रोज जाऊन मोरीवर बसला. पण आठवडा संपायच्या आत ओंडके उचलले गेले. शेठनं मजुरी कबूल केली. दिवसाला आठ आणे, रोख. ही बातमी गोमानं आणली तेव्हा पाड्यावर आनंद झाला, सकुबाईनंही तोंड वाकडं करून का होईना पण मान हलवली. लडकू मात्र ताडकन उठला आणि थेट ठाकूरवाडीवर गेला. जैतू दारात बसून मीठ-भाकर खात होता.

"चार आणे कशाला सोडलेस रे?" लडकू म्हणाला. "अजून दोन दिस धरलं असतं तर त्यो पाया पडला असता."

जैतूनं घास गिळला. "तुला शेठ पाया पडायला पायजे," तो म्हणाला. "मला पोरांना घालायला पायजे. इतके दिस तू मोरीवर बसला व्हतास, आमी उपाशी बसलो व्हतो."

बोलण्यात हरला की लडकू अबोला धरायचा. त्यानं जैतूशी चांगला महिनाभर धरला. भिमीनं, जैतूच्या बायकोनं, एकदा वाटेत गाठून त्याच्या हातावर मूठभर मोहाची फुलं ठेवली, तेव्हा कुठं तो मोडला.

शेठ गप्प बसणारा नव्हताच. त्या उन्हाळ्यात राबासाठी, म्हणजे भाताचं बी पेरायच्या आधी जमीन भाजायला, लडकूला जंगलातला पालापाचोळा गोळा करू दिला नाही. रोपं खुरटली, भात अर्धं आलं. राहीनं बोलून घेतलं ते घेतलं, आणि मग तिनंच गाठोडं बांधलं. ती दोघं शहापूरला आली. आग्रा रोडवर तेव्हा लष्करी लॉऱ्यांची रांग तुटत नसे, आणि लॉऱ्यांना चिखलाची कमी नव्हती. ओढ्याच्या कडेला लडकूनं दोन बादल्या मांडल्या. ड्रायव्हर थांबून विचारायचे, कितना? लडकू आता टायरकडं बघत नसे. समोरच्याच्या डोळ्यांत बघून भाव सांगायचा, आणि त्यातली एक दमडी खाली यायची नाही. त्यावरून त्याची भांडणंही पुष्कळ झाली. एका पंजाबी ड्रायव्हरनं तर त्याची बादली ओढ्यात फेकली. त्या बादलीचे पैसे लडकूनं त्याच्या पुढच्या खेपेला वसूल केले.

मोरूशेठची मोटार आठवड्यातून एकदा शहापूरवरून स्टेशनाकडं जायची. साखरपुड्यानंतर तिला कुणी घासलं नव्हतं. निळा रंग महिन्या-दोन महिन्यांतच काजळीखाली गेला होता, आणि पाठीमागची गॅसची टाकी तिला आणखी काळी करत होती. ओढ्याजवळ आली की वाल्मिक जरा हळू घ्यायचा. सवयीनं की मुद्दाम, सांगता येत नाही. आत शेठ सरळ समोर बघत बसलेला असायचा. लडकू हातातलं काम थांबवून ती काळी मोटार डोळे भरून बघून घ्यायचा. ती वळणाआड गेली की समोरच्या लॉरीचा दरवाजा तो जरा जास्तच जोरानं घासायला लागायचा.